तांदळात लिहिलेली नावं

अलिबाग,
१२ जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप मामांना ठमीचा वाकून नमस्कार.

इथं मला सगळे तांडेल सिस्टर म्हणतात, घरात सासरची माणसं रतन म्हणतात. ठमी म्हणणारे तुम्ही एकटे उरलात, म्हणून तुमच्या पत्रात तेवढी चैन करून घेते.

मामा, काम आहे. आमच्या इस्पितळात नर्सिंगचा वर्ग काढायचं घाटतं आहे. सातवी पास झालेल्या मुली घ्यायच्या, दोन वर्षं शिकवायचं, परीक्षा झाली की नोंदवहीत नाव आणि किनाऱ्यावरच्याच एखाद्या गावी नेमणूक. मुंबईची पायरी चढायला नको. पण त्याआधी जिल्ह्याच्या आरोग्य नियोजन समितीला एक अंदाज हवा होता : येत्या दहा वर्षांत, म्हणजे १९६८ सालापर्यंत, मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनारपट्टीला नोंदणी झालेल्या नर्सा किती लागतील आणि किती मिळतील. तो अंदाज तयार झाला. लागतील चौदा. आजच आहेत एकोणीस. पाच जादाच आहेत, तेव्हा वर्गाची गरज दिसत नाही, असा शेरा पडला.

समितीचे अध्यक्ष डॉक्टरसाहेब मला ओळखतात. मी विचारलं, चौदा कशावरून? म्हणाले, खाटांवरून. इतक्या खाटांमागे एक नर्स. मी म्हटलं, आमच्या सुरूबंदरला इस्पितळाची एकसुद्धा खाट नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मग तिथं शून्य." माणूस वाईट नाही मामा. कागदावर श्रद्धा असलेला आहे. मी वाद घातला तेव्हा म्हणाले, "तुमच्याकडे दुसरा कागद असेल तर आणा, मी वाचीन." फेब्रुवारीत बैठक आहे.

धर्मा नाखवाच्या केसरनं मला पत्र पाठवलंय. अक्षर हुबेहूब तुमचं, वेलांटीला तीच गिरकी. ती यंदा सातवीला बसते. तिची आई कशी गेली ते मी तुम्हाला सांगायला नको. पाच वर्षांपूर्वीचा तो वैशाख, नर्स श्रीवर्धनला दुसऱ्या एका बाळंतिणीपाशी आणि गावात सोनाबाई सुईण एकटी. केसर लिहिते, मला नर्स व्हायचं आहे पण बाबा मुंबईला पाठवणार नाही, अलिबागला झालं तर पाठवीन म्हणतो. नाही झालं तर पुढल्या वैशाखात लग्न. मामा, या वर्गावर त्या पोरीचं सगळं टांगलेलं आहे.

तुमच्याकडे शाळेची १९१६ पासूनची दाखलपुस्तकं आहेत. गावात मुलं किती जन्मतात, केव्हा जन्मतात, ते तुमच्याइतकं कुणापाशी लिहिलेलं नसेल. गेल्या दहा वर्षांत दाखल झालेल्या मुलांच्या जन्मतारखांची नक्कल पाठवा. सोबत समितीच्या कारकुनानं केलेली एकोणीस नर्सांची यादी ठेवते आहे. मी ती वाचलेलीसुद्धा नाही, बेरीज तेवढी पाहिली. ड्यूटीची वेळ झाली.

तुमची,
ठमी


सुरूबंदर,
२६ जानेवारी १९५८

चि. ठमीस, तुझ्या मास्तरमामाचे उदंड आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं त्या वेळी मी शाळेच्या ओट्यावर बसून समुद्राकडे पाहत होतो. हल्ली हेच माझं काम. आतून मुलं कविता म्हणत होती आणि नवे मास्तर चाल चुकवत होते. तुला आठवतं, तू तिसरीत होतीस तेव्हा मी पाढेसुद्धा ओवीच्या चालीवर म्हणवून घेत असे? तू एकोणतिसाच्या पाढ्याला नेहमी अडायचीस आणि चालीच्या जोरावर खोटा आकडा ठोकून पुढं जायचीस. आज तूच समितीला आकड्यांत पकडायला निघालीस, याचं मला फार कौतुक वाटलं.

आज झेंडावंदन झालं. मला खुर्ची दिली होती. पाय जरा कुरकुरतो आहे. माघातल्या ओहोटीला खडकावर गेलो होतो, उगाच, लहानपणी कालवं फोडायला जायचो ती जागा बघावी म्हणून. कालवाच्या शिंपल्याची धार लागली. हळद भरली आहे. काही नाही.

परीक्षेआधी मुलं रात्रंदिन अभ्यास करतात तसं मी चार दिवस बसून नक्कल केली आहे. गेल्या दहा वर्षांत दाखल झालेली एकशे बारा मुलं, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. बोरूनं लिहिली आहे. टाकानं अक्षराला पोट येत नाही. कागद तपासणाऱ्याला निदान डोळ्यांना तरी सुख व्हावं. लिहिता लिहिता दोन ओळी सुचल्या, त्या शेवटी घातल्या आहेत.

भरती सांगते येणार, ओहोटी सांगते गेले,
मधल्या ओल्या वाळूवर कुणी हिशेब केले?

समितीला आवडतील असं वाटतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा अंदाज म्हणजे दुसरं काय असतं?

नर्सांची यादी अजून पाहिली नाही. चष्म्याची काडी मोडली आहे. दोरा बांधून अक्षर लिहिता येतं, पण टाइपाची बारीक शाई दिसत नाही.

केसर रोज संध्याकाळी येऊन गणितं सोडवते. धर्माला मी म्हटलं, पोरगी हुशार आहे. तो जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला, "अलिबाग म्हंजे आपलीच वाडी, मास्तर. थंय धाडीन. मुंबयला न्हाय." तेव्हा वर्ग अलिबागला होऊ दे म्हणजे झालं.

तुझा मामा,
शिवदास मास्तर


अलिबाग,
२० फेब्रुवारी १९५८

मामांस नमस्कार.

बैठक झाली. तुमचा कागद वाचला. तुमच्या अक्षराचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग समितीचा कारकून, हा चौकस माणूस आहे, तो जन्मतारखांच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली गेला आणि परत वर आला. म्हणाला, "साहेब, या गावात एकशे नऊ मुलं एक जूनला जन्मलेली आहेत."

मामा, मी तुमच्याकडून घेऊन कागद तसाच पुढं केला होता. यादीसारखाच, न वाचता. माझीच चूक. उरलेली तीन मुलं पोस्टमास्तरांची, त्यांच्याच काय त्या खऱ्या तारखा. कारकून म्हणाला, एका दिवसाचं काम आहे, वर्षातून एकदा एक नर्स लाँचनं पाठवली की भागेल. सगळे हसले. डॉक्टरसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागद घडी करून मला परत दिला, तो हसण्यापेक्षा जड गेला.

तुम्ही असं का केलंत? रागावून विचारत नाही. हो, थोडं रागावूनच विचारते. मी तिथं उभी होते आणि माझ्याच गावाचं हसं माझ्याच हातून झालं. कवितेच्या ओळी मी वाचून दाखवल्या नाहीत. तेवढी शुद्ध राहिली होती.

बाहेर आल्यावर डॉक्टरसाहेबांनी मला थांबवलं. निर्णय पंधरा एप्रिलच्या बैठकीत होणार. खाटांखेरीज दुसरा काही आधार असेल तर तोपर्यंत आणा म्हणाले. आधार कुठून आणू? केसरला काय लिहू ते सुचत नाही. तुम्हीच काही सांगू नका तिला अजून.

ठमी


सुरूबंदर,
२४ मार्च १९५८

चि. ठमीस आशीर्वाद. आणि क्षमा मागणं वडीलधाऱ्याला शोभत असेल तर तीही.

का केलं ते सांगतो. मूल दाखल करायला यायचं ते आईच्या कडेवर. मी विचारायचो, जन्म कधीचा? आई म्हणायची, मोठ्या वादळाच्या आदल्या साली. नाहीतर, गोदी बांधली तवा. दाखलपुस्तकात वादळाला रकाना नाही. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून मी एक जून लिहायचो. माझ्या गुरुजींनी माझीही तीच लिहिली होती. पस्तीस वर्षं मी साऱ्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं आणि संध्याकाळी कविता शिकवल्या. चाल बरोबर, आकडा खोटा. एकोणतिसाचा पाढा तू माझ्याकडूनच शिकलीस म्हणायचं.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचण्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी काठी घेतली, केसरला वही दिली आणि कोळीवाड्यात पहिल्या घरापासून सुरुवात केली. त्याच एकशे बारा मुलांच्या आया. मी तारीख विचारलीच नाही. विचारलं, तेव्हा होड्या कुठं होत्या?

ठमे, काय सांगू! ज्यांना साल सांगता येत नव्हतं, त्यांना होडी अचूक ठाऊक होती. एकीनं सांगितलं, नारळ समुद्राला दिला तेव्हा मला तिसरा महिना लागला होता. एकीनं सांगितलं, शिमग्याच्या होळीला कळा सुरू झाल्या आणि ढोलाच्या आवाजात माझं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. सोनाबाई सुईण तर माझ्यावर उखडलीच. दारात उभं करून म्हणाली, "काय जून जून लावलंस रं मास्तर? तुझ्या जुनान आमची बाय कदी बालंत झालीय? जुनान तर पुरुस घरा येतान!"

आणि तेच उत्तर होतं. होड्या ज्येष्ठात वर ओढतात, नारळी पुनवेला परत लोटतात. एरवी आपली माणसं आठ-आठ दिवस पाण्यावर. तेवढे दोन-अडीच महिने काय ते घरात. मी कवितेचा मास्तर, मला हे फोड करून लिहायला लावू नकोस. तू नर्स आहेस, नऊ महिने तूच मोज. एकशे बारांपैकी एकाहत्तर मुलं फाल्गुनाच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत जन्मली. केसरनं प्रत्येक नावापुढं लिहिलं आहे. आपल्या आईचं नाव आलं तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली नाही. 'धाकटा भाऊ, वैशाख, दोघंही गेली', एवढं लिहिलं आणि पुढच्या दाराकडे चालू लागली.

म्हणजे वर्षाची सरासरी काढून नर्स ठरवणं म्हणजे भरती-ओहोटीची सरासरी काढून होडी हाकण्यासारखं आहे. खडकावर बसेल.

आता पुढच्या दहा वर्षांचं. त्यासाठी मी शाळेत गेलो आणि बाकावरच्या मुली मोजल्या. आज पहिली ते चौथीत ज्या बसल्यात त्या १९६८ पर्यंत बाळंतपणाच्या वयाला येतील. त्या सव्वीस. दहा वर्षांपूर्वी तेवढ्याच जागी अकरा होत्या. मागणी दुपटीच्या वर जाणार. त्याला डॉक्टर नको, ज्योतिषी नको, शाळेचा मास्तर पुरे. आणि सातवीत किती बसल्यात? एक. केसर. तुमची जी पुढची नर्स ती त्याच बाकावरून उठायची आणि तिला बोलावणारी बाळंतीणही त्याच बाकावरून. एक बाक भरलेला, एक रिकामा. शेजारच्या पाच गावांच्या मास्तरांना पत्रं टाकली, सगळे माझेच विद्यार्थी. त्यांचे आकडे सोबत आहेत. असेच आहेत. सोनाबाई सत्तरीची झाली, तिच्या हाताखाली कुणी नाही.

पूर्ण तक्ता जोडला आहे. बाळंतिणी, तान्ही मुलं, आणि साठीपुढची माणसं, कारण नर्स त्यांनाही लागते. सुरूबंदरात ती अकरा आहेत.

आणि आता यादी. चष्म्याला नवी काडी बसवली. वाचायला घेतली आणि चौथ्या नावापाशी माझा ऊर भरून आला. 'ठमाबाई सदू नाखवा, मु. सुरूबंदर.' मग पंधरावं नाव : 'रतन रामचंद्र तांडेल, मु. अलिबाग.' मी बराच वेळ विचार करत बसलो की सुरूबंदरातून आजवर एकच मुलगी नर्स झाली, मग ही दुसरी कुठून आली.

ठमे, चौथी तू आहेस. आणि पंधरावीही तूच.

तुमच्या कारकुनानं जुन्या सालची यादी आणि नव्या सालची यादी एकाखाली एक लावून बेरीज मारली. मधल्या काळात मुलींची लग्नं झाली. सातवं नाव रेवदंड्याची सगुणा आणि बारावं नाव चौलची नीरा, ही एकच बाई. मला कसं ठाऊक? तिच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'नीरा' मी लिहिलं. नवरदेवाला लिहिता येत नव्हतं, म्हणून मास्तरांना बोलावलं. तुझ्या लग्नातही जावईबापूंनी माझ्या हाती अंगठी दिली आणि कानात सांगितलं, 'रतन.' मी वळणदार लिहिलं. 'त'ला गिरकी दिली. तुझं पहिलं नाव मीच दाखलपुस्तकात लिहिलं होतं आणि ते मीच पुसलं, हे त्या वेळी मनातही आलं नाही.

मी एकानं एकशे नऊ जणांच्या तारखा एक केल्या आणि एकेका मुलीच्या दोन केल्या. आता तू एवढंच कर. यादीतल्या प्रत्येकीला गाठ आणि विचार : माहेरचं नाव काय? मग बेरीज कर.

पायाचं विचारलंस का? नाही विचारलंस. बरं केलंस. काठी मला शोभते म्हणतात.

मामा


अलिबाग,
१८ एप्रिल १९५८

मामा, माझे मामा,

वर्ग मंजूर झाला. पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं सावकाश वाचाल.

तुमचं पत्र आल्यावर मी रजा टाकून मांडव्यापासून खाली सगळ्या जणींना गाठलं. माहेरचं नाव विचारलं की आधी हसायच्या, मग सांगायच्या. एक तर म्हणाली, बारा वर्षांत हे कुणी विचारलं नाही. एकोणीस नावांच्या बाया निघाल्या बारा. त्यातल्या दोघी काम सोडून सासरी पुण्याकडे. उरल्या दहा.

बैठकीत आधी तुमचा तक्ता ठेवला. कारकुनानं बोट फिरवायला सुरुवात केली आणि फाल्गुनापाशी थांबला. "हे कशावरून?" मी सांगितलं, होड्यांवरून. साहेबांनी चष्मा काढला. त्यांना मी सोनाबाईचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. टेबलाभोवती सगळे पुरुष. कुणी कुणाकडे पाहीना. मग एकजण हसला, पण ते हसणं निराळं होतं. मग बाकांचा हिशेब. सव्वीस मुली आणि एक केसर. साहेब म्हणाले, हे आम्हाला सुचलं नाही. एवढंच म्हणाले.

मग कारकून उठला. म्हणाला, मागणी वाढेल हे कबूल, वीसपर्यंत जाईल. पण हातात एकोणीस आहेत, एका नर्ससाठी वर्ग कसा काढायचा? मी यादी त्याच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "चौथ्या बाईंना हाक मारा." त्यानं वाचलं, ठमाबाई सदू नाखवा. मी म्हटलं, "हजर." तो माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "आता पंधराव्या बाईंना मारा." त्यानं वाचलं. मी म्हटलं, "हजर. पण साहेब, बाळंतिणीपाशी आम्ही दोघी एका वेळी दोन गावांत जाऊ शकत नाही."

मामा, शाळेत हजेरीला मी असा आवाज कधी काढला नव्हता.

पुढं फार वेळ लागला नाही. लागतील वीस, आहेत दहा. साहेबांनी स्वतः शेरा लिहिला. दहा मुली, पंधरा जूनपासून. निघताना विचारलं, हे मास्तर कोण? मी सांगितलं. तक्त्यामागं जोडलेल्या जुन्या नकलेवर तुमच्या हातच्या त्या दोन ओळी राहिल्या होत्या, त्या त्यांनी वाचल्या होत्या. मोठ्यानं परत वाचल्या. भरती सांगते येणार. मग म्हणाले, "हिशेब मास्तरांनी केला म्हणा की."

आता दुसरी गोष्ट. तुमचा तक्ता मी पन्नासदा वाचला आहे. साठीपुढची माणसं अकरा. मी बोटांवर मोजली, घरागणिक, सोनाबाईपासून. बारा होतात. सारखी बाराच होतात. तुम्ही तारखा खोट्या लिहिल्या असतील, बेरीज कधी चुकवली नाही. म्हटलं, बारावं कोण राहिलं?

काल धर्मा नाखवा सुकट घेऊन इथल्या बाजारात आला होता. मी विचारलं, मास्तरांचा पाय कसा आहे? त्यानं सुकटीची पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "श्रीवर्धनचे डाक्टरनी सांगितलंन त्यांना. चार म्हयने रोज पट्टी पायजे, न्हायतर पाय जाईल, नि पायामागना मास्तर. मास्तर बोल्ले, गावान पट्टी बांदनारा कोन हाय? नि गेले घरोघर वही घेवन."

तुम्ही स्वतःला गाळलंत मामा. दहा वर्षांच्या अंदाजातून स्वतःला वजा केलंत आणि मला लिहिलंत काठी शोभते.

पहिल्या होडीनं या. इथं खाट आहे आणि तिच्यामागं नियमाप्रमाणे एक नर्स आहे.

ठमी


सुरूबंदर,
२ मे १९५८
(पोस्टकार्ड)

चि. ठमीस आशीर्वाद. तुझं पत्र मी धर्माच्या ओटीवर मोठ्यानं वाचलं. शेवटची दोन पानं वाचली नाहीत, पण केसरनं माझ्या खांद्यावरून वाचली. आता ती माझ्याशी मास्तरीणबाईसारखी बोलते. मी एरवी आलो नसतो. एका म्हाताऱ्याच्या पायासाठी कोण इतकं करतं? परंतु मुलीला पोचवायला कुणीतरी मोठं माणूस हवं. होड्या वर ओढायच्या आत धर्मा आम्हा दोघांना आपल्या मचव्यातून आणतो आहे. केसरची ट्रंक आणि माझी काठी. धर्मानं मचव्याला नवं शीड लावलं आहे. किनाऱ्यावर ये.

मामा


अलिबाग,
३० जुलै १९६०

मामांना नमस्कार.

निकाल लागला. दहाच्या दहा पास. केसर दुसरी आली. पहिली आलेली मुलगी मांडव्याची आहे. केसर म्हणते, त्या मुलीला म्हाताऱ्या रोग्याची हट्टी जखम बांधायला मिळाली असती तर तिनं पहिला नंबर घालवला असता. ते चार महिने ती तुमच्या पायावर शिकली, हे ती सगळ्यांना सांगते. दोन बोटं गेली तेवढी तुमची आठवण म्हणून ठेवून घेतली, पाय परत केला, असंही सांगते.

तिचं नाव नोंदवहीत चढलं. केसर धर्मा नाखवा. नेमणूक सुरूबंदर. साहेबांनी स्वतः लिहिलं : खाट नसली तरी.

आता एक काळजी. दिघीच्या कान्हाशी तिचं जमतंय म्हणे. मुलगा चांगला आहे, लाँचवर असतो, नोकरीला ना नाही. पण त्याच्या आईनं सुनेचं नवं नाव आधीच ठरवून ठेवलंय. मामा, अंगठी तुमच्याच हातात येणार. मी काही सांगत नाही.

ठमी


सुरूबंदर,
१ जून १९६१

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आज एक जून. साऱ्या गावाचा वाढदिवस. नवे मास्तर आता दाखल करताना 'होडी कुठं होती' हे आधी विचारतात, मग तारीख काढतात; तरी मी आज मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले. सवय जात नाही.

तुला रजा मिळाली नाही म्हणून लग्नाचं लिहितो. मांडवात ताट आलं, तांदूळ पसरले, कान्हानं अंगठी माझ्या हाती दिली. कान्हाची आई पुढं सरून म्हणाली, 'लक्ष्मी' लिहा. मी ताटावर हात धरला आणि माझं लिहिणं होईना. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात किती मुलींची नावं मी त्या तांदळात बदलली ते आठवत होतो. मी केसरकडे पाहिलं. तिनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि शांतपणे म्हणाली, "मास्तर, नोंदवहीन जां हाय तांच लिवा."

समुद्राचा आवाज येऊ लागला. कान्हाच्या आईनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. तुला सांगतो, चैत्रात तिच्या थोरल्या लेकीची जुळी याच पोरीनं सोडवली होती, दोन रात्री उशापाशी बसून. म्हातारीनं पदर खोचला. म्हणाली, "लिवा तां. येकीच्या दोगी कशाला? येकच लिवा, पन ठसठशीत लिवा."

मी 'केसर' लिहिलं. ठमे, माझं अक्षर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं.

आता हिशेब. तीन वर्षांपूर्वीच्या तक्त्यात यंदाच्या फाल्गुन ते वैशाखात सुरूबंदर आणि शेजारच्या वाड्यांत एकोणीस बाळंतपणं होतील असा अंदाज मी दिला होता. झाली एकोणीसच, जुळ्यांमुळे मुलं वीस. एकोणीस आया आपापल्या पायांवर उभ्या आहेत. वीसही पाळण्यांत रडणं चालू आहे. संध्याकाळी मी वाड्यातून जातो तेव्हा कुणाची चाल बरोबर आणि कुणाची चुकते ते ऐकत जातो. सोनाबाई केसरच्या दारात बसून राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की सगळं मीच शिकवलं. केसर हो म्हणते.

तुझे साहेब तो तक्ता फायलीत ठेवत असतील तर त्यात माझी एक चूक राहिली आहे. सुरूबंदर, साठीपुढची माणसं, 'अकरा' असं लिहिलेलं आहे. ते खोड आणि माझ्या नावानं दुरुस्ती कर. नर्सबाई आत्ताच पट्टी बघून गेल्या. बारा.

तुझा मामा,
शिवदास मास्तर